कादंबरीत मेलेली बहीण

कसबा बावड्यात आकाराम चौगल्यांच्या खानावळीत मी चार वर्षं दोन्ही वेळ जेवलो. भाकऱ्या शिवलीलाक्का करायची. तिचं आडनाव काय, हे मला त्या चार वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही. वर्गात जी कादंबरी मी मुलांना शिकवत होतो, ती तिच्या धाकट्या भावानं लिहिलेली होती. तिनं ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला असता का, कोण जाणे. कारण त्या कादंबरीत बहीण मरते, आणि ती खरोखरच मेली, असं लेखक सगळीकडे सांगत होता.

माझं नाव जिनेंद्र मगदूम. मूळचा शिरोळकडचा. दोन हजार एक साली कोल्हापुरात एका कॉलेजात मराठी शिकवायला लागलो, तेही तासिकेवर. पोस्ट निघेल, मग कायम होऊ, या आशेवर आम्ही तिघं-चौघं दिवस काढत होतो. कादंबरीचं नाव इथं देत नाही. 

अक्कानं तिची गोष्ट मला फार उशिरा सांगितली. मी आधी सांगतो.

ती नेसरीची. वडील रुद्रय्या हिरेमठ, जंगम. लग्न-बारशाला, घरभरणीला पूजा सांगायची आणि बाकीचे दिवस झोळी घेऊन सीमेपलीकडच्या गावांतही फिरायचं, मिळेल ते जोंधळे-तांदूळ आणायचे. पाठोपाठ दोन वर्षांत वडील गेले, आई शिवम्मा गेली. तेव्हा अक्का एकोणीस वर्षांची, धाकटा भाऊ प्रभुलिंग चौदाचा. त्याला झोळीची लाज वाटायची. शाळेत पोरं त्याला घंटी वाजवल्याचा आवाज काढून चिडवायची. अक्का त्याला कानडीत तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. ती म्हणाली, "तम्मा, तू झोळी घ्यायची न्हाय. तू शीक." आणि ती लोकांच्या शेतात भांगलायला, तण काढायला जायला लागली. संकेश्वरच्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं. तिनं दोन वर्षं थांबा म्हणून सांगितलं. ते थांबले नाहीत.

एकोणनव्वद साली प्रभुलिंग कॉलेजसाठी कोल्हापूरला आला. समाजाच्या वसतिगृहात राहायची सोय झाली, जेवणाची नव्हती. म्हणून अक्का मागोमाग आली आणि चौगल्यांकडं कामाला लागली. मागच्या बाजूला पत्र्याची खोली मिळाली. प्रभुलिंग रोज संध्याकाळी यायचा, तव्याशेजारी बसून जेवायचा आणि दिवसभर काय शिकला ते तिला सांगायचा. बहीण खानावळीत राबते याची त्याला लाज वाटेल म्हणून तो भाऊ असल्याचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं; मालकांच्या लेखी तो वसतिगृहातला एक पोरगा. पाच वर्षं असं चाललं. तो एम. ए. झाला, पहिल्या वर्गात. पुण्यात एका कॉलेजात त्याला नोकरी लागली. ती स्टँडवर पोचवायला गेली तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, "सहा महिन्यांत खोली बघतो, अक्का. मग तू पुण्याला."

तीन वर्षं गेली. सत्त्याण्णव साली तो आला तो कादंबरी घेऊन. तिच्या हातात प्रत दिली, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

अक्का सातवी शिकलेली. दुपारची भांडी झाली की पिठाच्या डब्यावर बसून ती चार-चार पानं वाचायची. घर तिचंच होतं. झोळी तिच्या अप्पाची होती. गौरा नावाची बहीण भांगलायला जायची, भावासाठी उपाशी राहायची. आणि एकशे बाविसाव्या पानावर गौराला ताप भरला. गाडी मिळेना. बैलगाडीत घालून गडहिंग्लजला नेता नेता ती वाटेतच गेली. भावानं तिला माती दिली आणि पहाटेच्या एसटीनं गाव सोडलं, ते पुन्हा न येण्यासाठी.

"मी लई रडलो, सर," अक्का मला म्हणाली. "बिचारी पोरगी म्हणून रडलो. रडून झाल्यावर ध्यानात आलं, आरं, ह्ये तर मीच की."

तिनं त्याला पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं, कादंबरी आहे ती अक्का, खरं-खोटं बघायचं नसतं. तिला ते पटलं. पुढच्या वर्षी दुसरं पत्र आलं. रजिस्टर लग्न केलं होतं. मुलगी जैन, सुरेखा नाव, पुण्याचीच. घरात जरा निवळलं की तुला नेतो, असं शेवटी लिहिलं होतं. मग पत्रं कमी झाली, मग थांबली. पत्र्याच्या खोलीत अक्का तिशी ओलांडून चाळिशीकडं निघाली.

दोन हजार चार साली कादंबरीवर सिनेमा निघाला. खानावळीत भाजी चिरायला झुंबरबाई होती, ती अक्काला दुपारच्या खेळाला घेऊन गेली. सिनेमात गौरा मरत नाही. भाऊ साहेब होतो, तिला नर्सिंगला घालतो. शेवटी पांढऱ्या मोटारीतून तो तिला न्यायला येतो, सगळं गाव वेशीपर्यंत पोचवायला जातं, आणि शहरातल्या नव्या घराचं कुलूप ती स्वतःच्या हातानं उघडते. झुंबरबाईनं शिट्टी मारली. परत येताना दोघी पायी आल्या.

"पुस्तकात मरती म्हणालीस न्हवं?" झुंबरबाई म्हणाली. "मग पिच्चरच बरा की गं. गरिबाचं कायतरी चांगलं झालं. डोळं निवलं माझं."

"चांगलं हाय," अक्का म्हणाली. "खरं पुस्तकातली बरी वाटती मला."

"मेलेली बरी?"

"तिच्यासाठी दोन पानं रडलाय त्यो. पिच्चरमधल्या बाईसाठी कोण रडतंय? तिला किल्ली दिली की सपलं."

झुंबरबाईला ते काही समजलं नाही. प्रभुलिंग हा अक्काचा भाऊ, हे तिलाही माहीत नव्हतं. नेसरीत माहीत होतं, पण तिथं कादंबरी वाचलेली चार माणसं, आणि त्यांचं म्हणणं, पुस्तकात असंच असतंय.

सिनेमाला बक्षीस मिळालं. आमच्या विभागप्रमुखांनी ठरवलं, कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना असा दिवसभराचा परिसंवाद घ्यायचा, लेखकालाच बोलवायचं. मुख्य निबंध माझ्याकडं आला. मी तीन आठवडे झटलो. कादंबरी चार वेळा वाचली, सिनेमा तीन वेळा बघितला. लिहिताना मी रोज अक्काच्याच हातची भाकरी खात होतो. एकदा तिनं विचारलंही, "सर, जेवताना काय लिवताय?" मी म्हणालो, "तुम्हाला कंटाळा येईल, अक्का."

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीतला तो दिवस. जेवणाचं काम चौगल्यांनाच दिलं होतं. मसालेभात, भरली वांगी, जिलेबी, मठ्ठा. अक्का वाढायला आली होती. हॉलच्या मागच्या दारात पातेली ठेवली होती, तिथं ती उभी होती, हे मी व्यासपीठावरून बघितलं होतं. डोक्यावर पदर, हात पुढं बांधलेले. मला वाटलं, बिचारी कुतूहलानं ऐकतेय.

मी वाचलं. सिनेमा बहिणीला जिवंत ठेवतो आणि प्रेक्षकाची सहज सुटका करतो. गरिबी म्हणजे ओलांडून जायची एक वेस आहे, आणि भावाचं भलं झालं की बहिणीचंही होतं, असं तो भासवतो. कादंबरी हे नाकारते. एक माणूस दारिद्र्यातून बाहेर पडतो तेव्हा दुसरं कुणीतरी आत गाडलं जातं. गौराचा मृत्यू हेच या कादंबरीचं सत्य आहे. ती जगली असती तर ही कादंबरी खोटी ठरली असती.

टाळ्या पडल्या. प्रभुलिंग हिरेमठांनी उठून माझा हात हातात घेतला. सोनेरी काड्यांचा चष्मा, खादीचा झब्बा, कानाजवळ थोडे पांढरे केस. पहिल्या रांगेत त्यांची बायको सुरेखाबाई बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले.

मग प्रश्न. दुसऱ्या वर्षातली रक्षिता पाटील उठली. "सर, मला एकच विचारायचंय. तुमची बहीण खरंच गेली?"

 हिरेमठांनी टेबलाकडं बघितलं. हॉलच्या मागच्या दाराकडं बघितलं असतं तर अक्का दिसली असती, सरळ समोर होती. त्यांनी बघितलं नाही. "होय," ते म्हणाले. "तिच्या मरणानंच मला लिहितं केलं."

जेवणं सुरू झाली. अक्का भात वाढत पहिल्या पंगतीला आली तेव्हा त्यांना दिसली. पुढचं मला तिच्याकडूनच कळलं. ते ताट टाकून उठले, हात धुवायच्या निमित्तानं मागं आले. मोठ्या पातेल्यांमागं दोघं उभी राहिली.

"अक्का, तू इथं?"

"मी इथंच असतो की. तू कुठं हुतास?"

त्यांनी झब्ब्याला हात पुसले.

"मला मारलास का, तम्मा?"

"मी आधी खरंच लिहिलं होतं, अक्का. तू जिवंत आहेस, स्टँडवर उभी आहेस, आणि मी गाडीत बसलोय. ज्यानं ज्यानं वाचलं तो म्हणाला, हा माणूस हलकट वाटतो. बहिणीच्या जिवावर शिकला आणि तिला टाकून निघाला. असल्या माणसाची गोष्ट कोण वाचणार?"

"म्हणून?"

"म्हणून तुला ताप आणला."

"पुस्तकात आणलास त्ये समजतंय मला. लोकास्नी का सांगितलास?"

मग त्यांनी सांगितलं. पुण्यात प्रकाशनाच्या दिवशी एक मुलगी रडत रडत आली, तिनं हात धरून विचारलं, बहीण खरंच गेली का? नाही म्हणणं त्या क्षणी जमलं नाही. नुसती मान हलवली. तीच सुरेखा. त्या एका मान हलवण्यावर लग्न झालं, संसार झाला. घरात गौराच्या नावानं दर वर्षी दिवा लावतात, तो सुरेखाच लावते.

"दिवाळीला येतो," ते म्हणाले. "आता सगळं सांगतो तिला. तुला घेऊनच जातो. शप्पथ."

तेवढ्यात सुरेखाबाई दारात आल्या. "अहो, गाडी आलीय. या कोण?"

"स्वयंपाकाच्या बाई. आमच्या नेसरीकडच्या आहेत."

सुरेखाबाईंनी हात जोडले. "जेवण फार छान झालं हं, मावशी."

"पुन्यांदा या," अक्का म्हणाली.

तिनं दिवाळीची गोष्ट खरी मानली. दसऱ्यालाच चौगल्यांना सांगितलं, मी भावाकडं पुण्याला चाललोय, दुसरी बाई बघा. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिनं भाऊ आहे असं कुणाला सांगितलं होतं. कुठला, काय करतो, ते सांगितलं नाही. खानावळीत जेवणाऱ्या पोरांनी वर्गणी काढून तिला इरकल लुगडं घेतलं. मी एक कापडी पिशवी दिली. चौगल्यांनी गल्लीतल्या ज्ञानू कोळ्याची बायको भाकरीला ठेवली. अक्कानं दिवाळीत पुरणाचे कडबू केले, तुपात तळून डब्यात भरले. पाडवा गेला, भाऊबीज गेली. ती इरकल नेसून पत्र्याच्या खोलीच्या पायरीवर बसलेली होती. तुळशीचं लग्न झाल्यावर तिनं लुगडं घडी करून ठेवलं आणि चौगल्यांना विचारलं, "मालक, काय काम हाय का?"

तव्यावर आता दुसरी होती. अक्काला भांडी मिळाली. सकाळ-संध्याकाळ साठ ताटं, आणि पातेली. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडल्या, उजवं मनगट सुजलं. पोरं तिच्यासमोर काही बोलायची नाहीत. मागं म्हणायची, भाऊबिऊ काही नसेल हो, एकटी बाई आहे, मनाचं रचलं असेल. मीही त्यात मान हलवली होती.

दोन हजार सहाच्या जानेवारीत एका रविवारी ती माझ्या खोलीवर आली. हातात कोरं आंतर्देशीय पत्र. "सर, बोटं धरत न्हाईत. एवढं लिवून द्या." कुणाला म्हणून विचारलं तेव्हा तिनं नाव आणि पत्ता सांगितला, आणि मी लिहायचा थांबलो. मग तिनं जे जे सांगितलं ते मी वर लिहिलंय. माझ्या टेबलावर माझाच निबंध पडला होता. एका मासिकात छापून आलेला.

"तुम्ही वाचलासा त्यो मी ऐकला, सर," ती म्हणाली. "बरोबर लिवलंय तुम्ही. खरं, जगली असती तर पुस्तक खोटं ठरलं असतं, ह्ये म्हणालासा तवा लई कसंतरी झालं. दारातनं निघून जावं वाटलं. खरं, पातेल्यात भात हुता."

मी पत्र पुढ्यात ओढलं. तिनं सांगितलं ते लिहिलं.

"प्रभू, मी शिवलीला. दिवाळीला वाट बघितली. माझं हात आता काम करत न्हाईत. पुण्याला न्हेऊ नकोस, पर तुझ्या बायकूला सांग की मी हाय. तेवढंच सांग. तुझी अक्का."

खाली मी दोन ओळी लिहू शकलो असतो. या बाईंना मी चार वर्षं ओळखतो, या म्हणतात ते खरं आहे, सही, प्राध्यापक जिनेंद्र मगदूम. लेखणी हातातच होती. पण परिसंवादानंतर हिरेमठांनी मला सांगितलं होतं, हा निबंध वाढवा, पुस्तक करू, प्रस्तावना मी देतो. आणि आमच्या कॉलेजात पोस्ट निघणार होती, निवड समितीवर त्यांचं नाव घेतलं जात होतं. माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं होतं, धाकटा भाऊ घरी बसलेला. मी पत्र दुमडलं, कडा चिकटवल्या आणि तिच्या हातात दिलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ते डावीकडं कलवून काढलं होतं, हे तिला कळलं की नाही, माहीत नाही.

तीन आठवड्यांनी टपालानं पुडकं आलं. ती ते न फोडताच माझ्याकडं घेऊन आली. आत कादंबरीची नवी आवृत्ती होती, मुखपृष्ठावर सिनेमातलं चित्र, आणि सुरेखाबाईंचं पत्र. मी मोठ्यानं वाचलं.

"स. न. आपलं पत्र मिळालं. कादंबरी वाचून 'मीच ती बहीण' असं लिहिणारी पत्रं आम्हाला अधूनमधून येतात. तुमचं तिसरं. वाचक इतके समरस होतात याचा आनंदच आहे. पण माझ्या नणंदेच्या आठवणीनं ह्यांना आजही त्रास होतो, तेव्हा पुन्हा असं लिहू नये ही विनंती. तुमच्या हाताचं दुखणं वाचून वाईट वाटलं. ह्यांच्या सहीची प्रत पाठवत आहे."

अक्कानं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, "श्रीमती शिवलीला यांना, सस्नेह." खाली सही.

तिनं बोट त्या नावावरून फिरवलं. "अक्षर तम्माचंच हाय," ती म्हणाली. "म्हंजे पत्र बघितलंय त्यानं."

"अक्का, मी जातो पुण्याला. बोलतो त्यांच्याशी," मी म्हणालो.

"नको, सर." तिचा आवाज चढला नाही. "त्या बाईनं दर साल दिवा लावलाय माझ्यासाठी. तिला काय सांगणार तुम्ही?"

ती पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेली. तुमच्या कामाला येईल म्हणाली.

मार्चमध्ये तिनं खानावळ सोडली. नेसरीजवळच्या एका मठात झाडलोट करायला ठेवून घेतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. गडहिंग्लजची एसटी सकाळी अकराची. झुंबरबाई मला निरोप द्यायला कॉलेजात आली होती, अक्का चाललीय, स्टँडवर येता का म्हणून. माझा अकराचा तास होता. मी तासाला गेलो.

पुढच्या वर्षी मी कायम झालो. पुस्तक दोन हजार आठ साली आलं, प्रस्तावनेसकट. तो निबंध त्यात पहिला आहे. छपाईआधी मी तो तीनदा वाचला, पेन्सिल घेऊन. एकाही वाक्याखाली रेघ मारली नाही. परवा नेसरीचा एक माणूस भेटला, त्याला मठातल्या बाईबद्दल विचारलं. तो म्हणाला, मठात दोन-तीन म्हाताऱ्या हायत सर, त्यातली कुठली?

मी नाव सांगितलं. त्याला माहीत नव्हतं.